पुराच्या निवारा केंद्रावर पहिल्यांदा मदतीला जाताय? आधी पाणी, संडास आणि वायरिंग बघा

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, सांगलीत आयर्विन पुलाला हेच आकडे ४० आणि ४५. आमच्या पट्ट्यात हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोळ, करवीर, पलूस, मिरज इकडची गावंच्या गावं उठून शाळांत, मंगल कार्यालयांत, देवळांच्या सभामंडपात येऊन राहिली. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, ताई आम्हाला कॅम्पवर मदतीला यायचंय, बिस्किटं आणू की चादरी आणू? त्या सगळ्यांसाठी हे एकदाच सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं पुरातून बाहेर आली म्हणजे धोका संपला असं होत नाही, दोन-चारशे माणसं एका छपराखाली आली की तिथून पुढं पिण्याचं पाणी, संडास आणि लाईटचं वायरिंग या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. खायला लोक आणून देतात, त्याबाबतीत आपल्याकडं माणसं जीव तोडून करतात, पण टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), संडासातली बादली, मग आणि साबण फार थोडे जण आणतात. तुम्ही नवीन असाल तर हेच काम अंगावर घ्या, याला माणूस कायम कमी असतो.

गेल्या गेल्या कुणाला भेटायचं

स्वतःचा वेगळा कॅम्प उघडू नका. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील यापैकी जो केंद्रावर असेल त्याला भेटा, नाव-नंबर द्या आणि मग आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेवक कोण आहेत ते विचारून घ्या, कारण पुढची निम्मी कामं त्यांच्याशिवाय होत नाहीत. तीन नंबर शाळेच्या फळ्यावरच मोठ्या अक्षरात लिहून टाका: अ‍ॅम्ब्युलन्स १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२. त्याखाली जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. रात्री दोनला कुणाला काही झालं तर मोबाईलमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

मग इमारतीला एक चक्कर मारा, आत-बाहेर. २००५, २०१९, २०२१ ला इथं पाणी आलं होतं का हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, नकाशापेक्षा ते पक्कं सांगतात. नुसती शाळा कोरडी राहून चालत नाही, तिथं यायचा रस्ता पण कोरडा राहिला पाहिजे, नाहीतर शाळेचं बेट होतं आणि टँकर, अ‍ॅम्ब्युलन्स काहीच पोचत नाही. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवरच पाणी आलं आणि कोल्हापूर कितीतरी दिवस तुटलं होतं, तर गावातल्या रस्त्याचं काय घेऊन बसलात. कोकणात किंवा पन्हाळा, शाहूवाडीकडं असाल तर डोंगराच्या पायथ्याची इमारत घ्यायचीच नाही, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेला दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

माणसं किती मावतात

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदत छावण्यांसाठी किमान निकष काढले, त्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. आता झेडपीच्या शाळेची २० बाय २५ फुटांची एक खोली धरा, म्हणजे ५०० चौरस फूट, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, भागिले साडेतीन, झाली तेरा माणसं. प्रत्यक्षात पहिल्या रात्री त्या खोलीत चाळीस जण असतात हे मलाही माहीत आहे आणि भर पावसात दारात आलेल्याला तुम्ही परत पाठवणार नाही, पाठवूही नये. पण दुसऱ्या दिवसापासून ही गर्दी फोडायच्या मागं लागायचं. दुसरी इमारत मागा, ज्यांना नातेवाईकांकडं जाता येतंय त्यांना गाडीची सोय करून द्या, व्हरांड्याला ताडपत्री मारून घ्या. दाटीवाटीत खोकला, खरूज आणि डोळे येणं हे तीन प्रकार इतके भराभर पसरतात की चौथ्या दिवशी निम्मी खोली डोळे चोळत बसलेली दिसते.

बाकं एकावर एक रचून दारात लावतात तसं होऊ देऊ नका, दोन्ही दारं मोकळी पाहिजेत. एका बाजूच्या खिडक्या पावसातही थोड्या उघड्या ठेवा, बायका-म्हाताऱ्यांना गार लागतं म्हणून सगळं बंद करतात आणि आत अक्षरशः श्वास कोंडतो.

एक खोली रिकामी ठेवायची. कितीही गर्दी असली तरी ठेवायची. ताप-जुलाबवाल्यांसाठी, आणि ती संडासापासून जवळ असावी. सुरुवातीला लोक म्हणतात एवढी खोली मोकळी कशाला, तेव्हा शांतपणे समजावून सांगा, उपयोग पहिल्या दोन दिवसांत कळतो.

पिण्याचं पाणी, इथं घाई करायची नाही

आधी हिशोब. त्याच निकषांत पिण्यासाठी माणशी रोज किमान ३ लिटर आणि संडास-आंघोळीसाठी किमान १५ लिटर धरलेत. दोनशे माणसं असतील तर रोज ३,६०० लिटर, म्हणजे ५,००० चा एक टँकर रोज लागणार, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. पूर आला की चहूकडं पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही ही अवस्था खरंच येते, कारण नदीकाठची पंपिंग स्टेशनं आधी बुडतात. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर शहराला पाणी देणारी बालिंगा, शिंगणापूरची केंद्रं पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आलं, मग खेड्यातल्या केंद्राचा नंबर कधी लागायचा.

टँकर आला की ड्रायव्हरला विचारा, पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं? त्याला राग आला तरी विचारा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं असेल तर ते वापरायच्या टाकीत जाऊ दे, पिण्याच्या टाकीत नको. दोन टाक्या वेगळ्या ठेवा आणि त्यांच्यावर रंगाने ठळक लिहा, पिण्याचे, वापरायचे.

पाणी गढूळ असेल तर टीसीएलचा उपयोग होत नाही, सगळा क्लोरीन त्या मातीतच संपतो. आधी तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा, मगच टीसीएल. प्रमाण असं धरा, १००० लिटरला ५ ग्रॅम. पावडर ताजी आणि चांगली असेल तर यापेक्षा कमीही पुरते पण पुराच्या वेळी पाण्यात घाण जास्त असते, म्हणून ५ ग्रॅमने सुरुवात करून मग टेस्ट करून बघायचं. ५,००० च्या टाकीला २५ ग्रॅम. हे अंदाजाने मूठभर टाकू नका, वाण्याच्या दुकानात किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर २५-२५ ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून कोरड्या डब्यात ठेवा, मग रात्री दुसऱ्या कुणावर काम पडलं तरी चूक होत नाही. पावडर थेट टाकीत फेकायची नाही, प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसतो, वरचं पाणी टाकीत ओतून ढवळायचं आणि अर्धा तास कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या अर्ध्या तासातच जंतू मरतात. लोक रांगेत उभे राहून ओरडतात, लहान पोरं रडतात, तरी तो अर्धा तास सोडू नका, म्हणूनच टाकी पूर्ण संपायची वाट न बघता दुसरी आधीच तयार ठेवायची.

२०० लिटरच्या बॅरलला एकच ग्रॅम लागतो आणि एक ग्रॅम काही काट्यावर नीट मोजता येत नाही. त्याला सोपा उपाय, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम टीसीएल कालवून निवळलेलं पाणी बंद बाटलीत भरा, त्यातलं २० मिली एका बॅरलला. औषधाच्या बाटलीचं झाकण ५, १० मिलीच्या खुणांचं असतं, ते घ्या. हे द्रावण रोज नवीन करायचं आणि सावलीत ठेवायचं, आणि बाटलीवर लिहायचं, पोरांनी पाणी समजून प्यायला नको.

टीसीएलचं पोतं उघडं, ओलसर पडलेलं असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, नुसता चुना शिल्लक राहतो. नाकात जाणारा उग्र वास येत नसेल आणि पावडरचे गोळे झाले असतील तर ती पिण्याच्या पाण्याला वापरू नका, नवीन मागा. हाताळताना तोंडाला रुमाल, हातात ग्लोव्हज, आणि वाऱ्याकडं पाठ.

आता ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची टेस्ट. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं किंवा आरोग्य सेवकाकडं छोटं किट असतं, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की कार्डावरच्या रंगाशी लगेच जुळवायचा, थोडा वेळ गेला की रंग गडद होत जातो आणि वाचन चुकतं. काहीच रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही. लोकांच्या हातात पडणाऱ्या पाण्यात लिटरमागं ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन राहिला पाहिजे. आणि इथं एक कळीची गोष्ट, टेस्ट टाकीवर नाही करायची, सगळ्यात लांबच्या खोलीत ज्या कळशीतून लोक पितात त्या कळशीतलं पाणी घेऊन करायची. टाकीवर पिवळं आणि कळशीत पांढरं असं खूपदा सापडतं, कारण मधे कुणीतरी हात बुडवलेला असतो, पोरानं पेला घातलेला असतो, झाकण नसतं. म्हणून तोटीचा ड्रम सगळ्यात चांगला, नसेल तर प्रत्येक भांड्याला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. टेस्ट झालेलं पाणी लांब ओतून द्या.

घरटी वापरायला मेडिक्लोरच्या बाटल्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या येतात, त्यावर किती लिटरला किती ते लिहिलेलं असतं, तेवढंच. लोक म्हणतात वास येतो, चव बिघडते. खरं आहे, येतो वास. थोडा वेळ उघड्या पातेल्यात ठेवलं की कमी होतो, असं प्रेमानं सांगा, दमदाटी करू नका, नाहीतर लोक गुपचूप हापशाचं पाणी आणून पितात, आणि त्या हापशाभोवती दोन दिवसांपूर्वी पाणी साचलेलं असतं.

संडास

याबद्दल बोलायला लोक लाजतात आणि म्हणूनच सगळ्यात जास्त हाल इथंच होतात. निकष ३० माणसांना एक संडास, बायकांचे वेगळे, आणि झोपायच्या जागेपासून ५० मीटरच्या आत. दोनशे माणसांना सात लागतात, शाळेत असतात चार, त्यातले दोन मुलांच्या मापाचे. पहिल्याच दिवशी तालुक्याला, नगरपालिकेला फिरत्या शौचालयांची मागणी टाका, तोंडी नको, लेखी किंवा निदान मेसेज.

पुरात जमिनीखालचं पाणी वर येतं, त्यामुळं शाळेची सेप्टिक टाकी आधीच भरलेली असते, आणि दोनशे माणसांनी एक दिवस वापरली की तुंबते, कधी उलटं पाणी येतं. झाकण उघडून बघायला माणूस उतरवायचा नाही, आतला गॅस एका श्वासात माणूस पाडतो. बाहेरून बघा आणि सक्शनची गाडी मागवा. चर खणून तात्पुरते संडास करायची वेळ आलीच तर विहीर, बोअर, हापसा यांच्यापासून ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. काळ्या रानात पाणी दोन फुटांवर लागत असेल तर खड्डा खणूच नका, फिरती शौचालयंच लागतील.

साफसफाईची पाळी ठरवताना काळजी घ्या. वाट्याला येईल त्या गरीब घरातल्या बायकांनाच संडास धुवायला लावतात, गावातली जातपात कॅम्पातही येते, तुम्ही ते चालू देऊ नका. खोलीवार पाळी लावा, सगळ्यांची, आणि पहिल्या दिवशी स्वतः ब्रश हातात घ्या. दिवसातून तीनदा तरी धुतले पाहिजेत. धुवायला एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टीसीएल, साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं, ते शिंपडून दहा मिनिटांनी धुवायचं. हे आणि बाजारातलं संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच एकत्र टाकायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि त्या एवढ्याशा बंद संडासात साफ करणारा माणूस गुदमरतो. एकतर हे नाहीतर ते. त्याची पाटी लावा.

हात धुवायला साबण ठेवला की दुपारपर्यंत गायब होतो, म्हणून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाला बांधून टाका, चार दिवस टिकते.

बायकांचं सांगते. संडास लांब, अंधार, आतून कडी नाही, बाहेर पुरुषांची ये-जा, मग बाया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, जेवण कमी करतात, सकाळपर्यंत लघवी दाबून धरतात आणि तिसऱ्या दिवशी ताप, जळजळ. मदत करणाऱ्या पुरुष मंडळींना हे कुणी बोलून दाखवत नाही. पहिल्या संध्याकाळच्या आत प्रत्येक दाराला आतून कडी, वाटेवर बल्ब नाहीतर सोलर दिवा, आणि आडोसा म्हणून ताडपत्री, एवढं कराच. आंघोळीला पण आडोसा लागतो. पॅड वाटता तेव्हा जुने कागद आणि झाकणाची बादली पण संडासात ठेवा, नाहीतर पॅड पॅनमध्ये जातात आणि तुंबतं, मग त्या बायकांनाच बोलणी बसतात. बादली रोज आशाताईंच्या देखरेखीखाली रिकामी करायची. ज्या म्हाताऱ्यांना उकिडवं बसता येत नाही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून कमोड करता येतो, गावातला सुतार तासाभरात करून देतो.

जेवण

स्वयंपाक झोपायच्या खोल्यांपासून लांब, मोकळ्या शेडमध्ये. सिलेंडर उभा, बाहेरच्या बाजूला, रबरी नळी तपासलेली, वाळूच्या दोन बादल्या जवळ. आचाऱ्याला जुलाब किंवा हाताला पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी त्याला सुट्टी.

बाहेरून आलेलं जेवण सगळ्यात अवघड. लांबच्या गावावरून लोक पहाटे उठून पुलाव, मसालेभात करून प्रेमाने पाठवतात आणि तो बंद पातेल्यात पाच तास प्रवास करून गरमच पोचतो, पण गरम म्हणजे नुसता कोमट, आणि कोमट भातात जंतू सगळ्यात जोमानं वाढतात. कधी शिजवलं ते विचारा. दोन-तीन तासांच्या आतलं असेल तर लगेच वाढा, पाच-सहा तास झाले असतील, आंबूस वास येत असेल, भात चिकट झाला असेल तर नको म्हणा. वाईट वाटतं, पण तीस-चाळीस माणसांना एकदम उलट्या-जुलाब झाले तर रात्री अ‍ॅम्ब्युलन्स पुरत नाहीत. पाठवणाऱ्यांना आधीच सांगा की शिजवलेलं नको, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, शेंगदाणे, गूळ पाठवा, चपाती-भाकरी चालते कारण कोरडी असते. सकाळचं उरलेलं रात्री परत गरम करून वाढायचं नाही.

बाळांच्या दुधाची पावडर सरसकट वाटू नका. अंगावर पाजणाऱ्या आईनं भीतीपोटी पावडर सुरू केली की दूध कमी होतं आणि बाटली धुवायला स्वच्छ पाणी कुठं असतं? तिला बसायला आडोशाची जागा, पोटभर जेवण आणि प्यायला पाणी द्या. ज्या बाळाला खरंच वरचं दूध लागतं त्याचं अंगणवाडी ताई आणि डॉक्टर ठरवतील.

कचरा. पाण्याच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेटांचा ढीग दोन दिवसांत माणसाएवढा होतो, त्यावर माश्या, मग कुत्री, मग उंदीर. ओला वेगळा, सुका वेगळा, ड्रमला झाकण, रोज उचल. जुन्या कपड्यांचे गठ्ठे पण तसेच, न निवडता पावसात पडून राहतात, कुजतात आणि त्यात साप-विंचू बसतात. नवीन अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरी घ्या, बाकी गठ्ठे गाडीतून उतरवायच्या आधीच नम्रपणे नाही म्हणा.

लाईट, जनरेटर, साप

शाळेच्या मीटर बोर्डापर्यंत पाणी किंवा ओल आली असेल तर वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच टाकायचा नाही. मांडववाल्याच्या वायरी जोड देऊन चिखलातून नेलेल्या असतात, त्या वर टांगून घ्या, आणि शक्यतो बोर्डावर ईएलसीबी बसवून घ्या, गळती झाली की लाईट आपोआप जाते. ओले कपडे वायरीवर वाळत घालू देऊ नका, त्यासाठी वेगळी दोरी बांधून द्या, कारण जागा दिली नाही तर लोक वायरच वापरणार. मोबाईल चार्जिंगसाठी एकच टेबल, कोरड्या जागी, एका माणसाच्या ताब्यात. झोपायच्या खोलीत एका पिनवर आठ चार्जर नकोत.

जनरेटर कितीही पाऊस असला तरी व्हरांड्यात किंवा जिन्याखाली आणायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतली माणसं झोपेतच जातात. खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या. खोलीत सगळ्यांचंच डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय असं कुणी म्हणालं तर आधी माणसं बाहेर काढा, मग कारण शोधा. शेगडी आणि कोळसेही आत नकोत. डासांची कॉइल गाद्यांजवळ नको, मच्छरदाण्या मागा.

पुरात सापही कोरडी जागा शोधत येतात. दिवस मावळायच्या आत खोल्यांचे कोपरे, बाकांच्या मागं, सरपणाचा ढीग टॉर्चनं बघून घ्या. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि ते चावणं कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे कुणाचं पोट दुखतंय, पापण्या मिटायला लागल्यात, बोलणं जड झालंय अशी तक्रार आली तर ती अपचनावर ढकलू नका, लगेच १०८. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, हातपाय हलू न देता थेट दवाखाना. भिंतीला चिकटून अंथरुणं घालू नका आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

आजारांचं रजिस्टर

एक शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी खोलीवार फिरून विचारा, कुणाला जुलाब, कुणाला ताप, कुणाला उलटी, कुणाला पुरळ. दिवसात तीनदा पातळ झाली की जुलाब लिहायचं. एकाच खोलीतले तीन-चार निघाले तर त्या खोलीची कळशी आधी तपासा आणि आरोग्य केंद्राला त्याच वेळी कळवा, संध्याकाळची वाट बघू नका. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं, निम्मं-निम्मं करून पेल्यात नाही. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मान टाकली तर लगेच दवाखाना.

पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या प्रत्येकाचे पाय बघा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, त्या जखमांतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत जातात, उंदरांच्या, जनावरांच्या मुतातून ते पाण्यात आलेले असतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. पाय साबणानं धुवून कोरडे करून मलम लावा, आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या कुणाला द्यायच्या ते डॉक्टरांना विचारा, स्वतः वाटू नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यांचं औषध वेगळं असतं. ताप, पिंढऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल असं दिसलं की पाठवून द्या.

त्याच वहीत शेवटच्या पानावर वेगळी यादी: दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, टीबीच्या गोळ्या चालू असलेले, बीपी-फिट्सवाले. लोक जीव घेऊन पळालेले असतात, गोळ्या घरी पाण्यात. त्यांना विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. दिवस भरत आलेल्या बाईला कॅम्पात ठेवू नका, रस्ता चालू आहे तोवर दवाखान्याच्या गावात हलवा.

जनावरं

म्हशी सोडून माणूस निघत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही पण दुधावर घर चालतं त्याला विचारा. जनावरांची सोय झाली की माणसं वेळेत बाहेर पडतात, म्हणून त्यांची छावणी हा माणसांच्या सुरक्षेचाच भाग धरा. फक्त ती पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकापासून लांब, उताराच्या खाली, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला हवी. शेण-मूत शाळेच्या गटारात नको, रोज उचलून एका जागी. धार काढून झाली की हात साबणानं. मेलेलं जनावर वाहत आलं तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा.

पाणी उतरल्यावर

लोकांना घरी जायची घाई असते आणि तेव्हाच सगळी यंत्रणा पण सैल पडते. जाणाऱ्या प्रत्येक घराला टीसीएल नाहीतर मेडिक्लोर, साबणाच्या वड्या, ओआरएसची पाकिटं आणि रबरी बूट मिळतील असं बघा. पुराचं पाणी शिरलेली विहीर आणि बोअर उपसून, टीसीएल टाकून, रात्रभर ठेवून, दुसऱ्या दिवशी ओटी बघितल्याशिवाय प्यायला घेऊ नका असं तोंडी आणि कागदावर दोन्ही सांगा. घरातली लाईट वायरमननं बघितल्याशिवाय नको. भिजलेलं धान्य, पीठ, उघडी औषधं टाकून द्यावी लागतात, जीवावर येतं, त्यामुळं पंचनामा आधी होऊ दे, फोटो काढून ठेवा, मग टाका. घर साफ करताना बूट-ग्लोव्हज, कारण चिखलात काचा, पत्रे आणि साप असतात, आणि जखम झाली तर त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन.

शाळा परत देताना खोल्या आणि संडास त्या एक टक्क्याच्या द्रावणानं धुवून घ्या, सेप्टिक टाकी उपसून घ्या, पिण्याची टाकी आतून घासून परत भरून ओटी करा. डबकी, टायर, फुटक्या बादल्या, नारळाच्या करवंट्या उलट्या करा किंवा उचला, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो आणि अंडं ते डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे बरोबर शाळा सुरू व्हायच्या वेळेला. रजिस्टरची वही आरोग्य सेवकाच्या हातात द्या, पुढचे दोन-तीन आठवडे तापाचे पेशंट निघत राहतात आणि त्यांना कोण कुठल्या खोलीत होतं ते त्या वहीतून सापडतं.